आत्ता तर चालू आहे

एप्रिल लागला की आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळा सकाळच्या होतात. मी राहते सोलापुरात, अशोक चौकाजवळ, शाळा मंद्रूपच्या पुढच्या एका गावात. सकाळी सहाला निघायचं आणि बाराच्या सुमाराला परत फिरायचं. सकाळी जाताना गाडी कधीच बंद पडली नाही. पडायची ती परतताना. आज हे वाक्य मी एका दमात लिहिते आहे, पण ते कळायला मला दोन उन्हाळे लागले.

गाडी १९९८ची मारुती ८००. एमएच १३ची, म्हणजे सोलापूरचीच. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती २००४ साली जुनी घेतली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, कार्ब्युरेटरवालं. मॉडेल एसीचं आहे, पण एसीनं कधीच मान टाकली, आता नुसता पंखा चालतो. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावी लागते, तीही आम्ही करत आलो. शेजारपाजारचे विकून टाका म्हणतात. मला ती विकायची नाही. अप्पांनी ती घेतली तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा चार चाकं आली, हे एक कारण. दुसरं म्हणजे या गाडीचं बोनेट उघडलं की प्रत्येक वस्तू कुठं आहे ते दिसतं, हात घालता येतो. बिघाड झाला तर तो माणसाला सापडू शकतो, अशी ही गाडी आहे.

फक्त बिघाड समोर आला पाहिजे.

पहिल्यांदा ती बंद पडली २०२२च्या एप्रिलात, सोरेगावच्या अलीकडं. गचके खाल्ले नाहीत, मिसिंग नाही, आवाज नाही. कुणीतरी किल्ली फिरवून काढून घ्यावी तशी गाडी गप्प झाली. गाडी होती त्या वेगात मी ती कडेला घेतली. किल्ली फिरवली, सेल्फ लागेना. बोनेट उघडून उभी राहिले, कारण रस्त्यावर बोनेट उघडलं की लोक थांबतात. थांबलेही. एकानं विचारलं, मॅडम, पेट्रोल बघितलं का? दुसऱ्यानं विचारलं, चोक ओढून ठेवला होता का? तिसरा म्हणाला, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवता का तुम्ही? पेट्रोल अर्धी टाकी होतं. चोकचा काही संबंध नव्हता. क्लचवर पाय ठेवून मी गाडी चालवत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी किल्ली फिरवली आणि पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. तिसरा गृहस्थ माझ्याकडं बघून हसला. त्याचं म्हणणं जणू सिद्धच झालं होतं.

गॅरेजवाल्यांनी दुसऱ्या दिवशी गाडी फिरवून आणली. होटगी रोडला लांब एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "आत्ता तर चालू आहे."

हे वाक्य मी त्या वर्षात इतक्यांदा ऐकलं की नंतर नंतर ते बोलायच्या आधीच समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. त्यात खोटं काही नसतं. गाडी खरंच चालू असते. पण त्याच्या पोटात एक न बोललेलं वाक्य असतं: मग तुमचंच काहीतरी चुकलं असेल. बाई गाडी चालवत असली की ते दुसरं वाक्य जरा लवकर येतं. हे मी रागानं लिहीत नाही. रस्त्यावर थांबलेल्या प्रत्येकानं मला मदतच केली, दोघांनी तर उन्हात धक्का मारला. पण मला मदत करायला तयार असलेला माणूस माझ्यावर विश्वास ठेवायला तयार असतोच असं नाही, हे त्या उन्हाळ्यात मला दिसलं.

मग सुरू झाली बदलाबदल. बॅटरी जुनी आहे म्हणून नवी बॅटरी घातली. अकरा दिवस गाडी बंद पडली नाही. बॅटरीच होती बघा, असं सगळ्यांनी म्हटलं, मीही म्हटलं. बाराव्या दिवशी कंबर तलावापाशी गाडी थांबली. मग अल्टरनेटर खोलून ब्रश बदलले. आठवडाभर ठीक. मग इग्निशन कॉइल, कारण कॉइल तापली की स्पार्क तोडते, आणि थंड झाली की पुन्हा देते. ही गोष्ट खरी आहे, जुन्या गाड्यांत असं होतं. पण माझ्या गाडीत ते होत नव्हतं. मग कार्ब्युरेटर साफ झाला, पेट्रोल पंप बदलला. चौदा हजार रुपये गेले. गाडीच्या बाजारातल्या किमतीशी ताडून बघितलं तर हा आकडा छोटा नाही.

एक उपाय मात्र असा होता की त्यावर मी मनापासून विश्वास ठेवला. कुणीतरी सांगितलं, सोलापूरचं ऊन आहे, इंजिनाच्या गरमीनं पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. पंपावर ओलं फडकं टाका. कार्ब्युरेटरच्या गाडीला हा त्रास होऊ शकतो, आणि ओल्या फडक्याचा उपायही जुना आणि खरा आहे. म्हणून मी डिकीत पाण्याची कॅन आणि अप्पांच्या मागावर विणलेला एक जुना टॉवेल ठेवायला लागले. गाडी बंद पडली की बोनेट उघडायचं, टॉवेल भिजवून पंपावर टाकायचा, सावली शोधायची. वीस मिनिटांनी गाडी सुरू. चार वेळा केलं, चारही वेळा सुरू झाली. मी शाळेत सहकाऱ्यांना सांगितलं, घरी सांगितलं, एका पालकालाही सांगितलं.

टॉवेल टाकला नसता तरी गाडी वीस मिनिटांनी सुरू झालीच असती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पहिल्यांदा सोरेगावला कुठं टॉवेल होता?

अधूनमधून होणाऱ्या बिघाडाचा हा सगळ्यात मोठा फसवेपणा आहे. तो आपला आपण जातो आणि त्या क्षणी ज्याचा हात गाडीवर असेल त्याला श्रेय देऊन जातो. बॅटरीवाल्याला वाटतं बॅटरी, कॉइलवाल्याला वाटतं कॉइल, मला वाटतं टॉवेल. कुणीच लबाड नसतो. प्रत्येकानं काहीतरी केलेलं असतं, आणि त्यानंतर गाडी चाललेली असते. कायमचा बिघाड असा नसतो. फ्यूज उडाला तर दिवा लागत नाही आणि फ्यूज बदलल्यावर लागतो, हिशेब तिथंच पूर्ण होतो. अधूनमधूनच्या बिघाडात 'गाडी चालू झाली' ह्या गोष्टीला पुरावा म्हणून काहीच किंमत नसते, आणि नेमका तोच पुरावा सगळे धरून बसतात.

अप्पांना हे सगळं मी रोज सांगत होते. ते ऐकायचे आणि गप्प बसायचे. अप्पा गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे मुकादम, होते. गिरणी बंद झाल्यावर भाड्याच्या शेडमध्ये चार माग टाकून त्यांनी वीसेक वर्षं टॉवेल विणले. आता वय अठ्ठ्याहत्तर. गाडी ते चालवत नाहीत, पण गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की त्यांना कळतो.

जूनमध्ये एका संध्याकाळी ते आपणहून बोलले. गिरणीत एक माग होता, म्हणाले, दिवसातून सात-आठ वेळा उगाच थांबायचा. मागावर उभ्या धाग्यांच्या, म्हणजे ताण्याच्या, प्रत्येक धाग्यावर पातळ पोलादी पत्री लटकवलेली असते. धागा तुटला की पत्री खाली पडते, खालच्या पट्टीला टेकते, वीज जुळते आणि माग थांबतो. म्हणजे माग थांबला तर धागा तुटलेला पाहिजे. या मागावर धागा तुटलेलाच नसायचा. विणकरानं तक्रार केली की साहेब लोक यायचे, माग चालवून बघायचे, मस्त चालायचा. विणकर कामचुकार आहे असं ठरलं. अप्पा म्हणाले, "मला ते पटेना. त्याची मजुरी कापडाच्या मीटरवर होती. माग थांबवून त्याच्या पोटालाच चिमटा. तो कशाला खोटं बोलेल?"

मग अप्पांनी काय केलं? त्या विणकराच्या हातात खडू दिला. माग थांबला की भिंतीवर एक रेघ ओढायची, आणि त्या वेळी कापड कुठवर आलंय ते बाजूला लिहायचं. दोन दिवसांत दिसलं की बहुतेक वेळा माग थांबतो तो नवा बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, चढवल्यावरच्या पहिल्या काही मीटरांत. तेव्हा कडेचे धागे जरा सैल असतात. धागा सैल पडला की पत्री लोंबते. आणि त्या कडेला पट्टीचं इन्सुलेशन झिजलेलं होतं. लोंबती पत्री तिथं नुसती चाटून जायची. एका क्षणापुरती वीज जुळायची, माग थांबायचा, आणि माणूस बघायला येईपर्यंत पत्री परत वर.

"तुझ्याकडं खडू आहे का?" अप्पांनी विचारलं.

मी शाळेतली बाई. माझ्याकडं खडूच खडू. पण मी शंभर पानी वही घेतली. पहिल्या पानावर रकाने आखले: तारीख, वेळ, ठिकाण, किती वेळ गाडी चालली होती, ऊन-पाऊस, काय काय चालू होतं, किती मिनिटांनी सुरू झाली. 'काय काय चालू होतं' हा रकाना अप्पांनी सांगितला म्हणून घातला. मला स्वतःला तो महत्त्वाचा वाटला नव्हता. त्या रकान्यात मी काहीबाही लिहायचे. 'पंखा तीनवर, तरी घाम.' 'रेडिओ बंद.' 'पंखा तीनवर, आईला चक्कर येत होती.' ही शेवटची नोंद तुळजापूरला जातानाची. आई बरोबर होती, तामलवाडीच्या पुढं गाडी थांबली आणि आईनं तिथूनच देवीला हात जोडले.

जुलै-ऑगस्टात गाडी एकदाही बंद पडली नाही. सप्टेंबरात पडली, आणि त्या नोंदीनं माझा घोळ आणखी वाढला. आमच्याकडं खरा पाऊस सप्टेंबरातच. रात्री आठ वाजता, सैफुलजवळ, धो धो पाऊस, हवेत गारवा. अशा वेळी गाडी बंद. मी वैतागून ठरवलं की ही नोंद मोजायचीच नाही. हा वेगळा बिघाड असणार, कुठंतरी पाणी शिरलं असणार. माझा उन्हाचा सिद्धांत मला आवडायला लागला होता आणि ही एक नोंद तो मोडत होती, म्हणून मी त्या ओळीपुढं फुली मारली. वही ठेवणाऱ्यानं करू नये अशी एकच गोष्ट आहे, आणि ती मी केली.

पुढच्या एप्रिलात, अकराव्या नोंदीनंतर, आमच्याच भागातल्या एका वायरमनकडं गेले. दुकान म्हणजे एक टपरी, भिंतीवर गाड्यांच्या वायरींची जुनी हार्नेसं लटकलेली, फळीवर टेस्ट लॅम्प, कात्री, इन्सुलेशन टेप. वय साठीच्या पुढं, घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. मी त्यांना मामा म्हणते. मी सगळं सांगितलं. गाडी टपरीसमोर मजेत धडधडत उभी होती. मी त्या वाक्याची वाट बघत होते.

ते म्हणाले, "बंद पडलालीय तवा मीटरमधले लाल दिवे लागतात का?"

मला उत्तर येत नव्हतं. इतक्या वेळा गाडी बंद पडली, पाच माणसांनी ती तपासली, आणि हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला. मामांनी समजावून सांगितलं. किल्ली चालू असताना इंजिन थांबलं, मग ते पेट्रोलसाठी थांबो की स्पार्कसाठी, तर बॅटरीचा आणि ऑइलचा असे दोन लाल दिवे लागलेच पाहिजेत. अल्टरनेटर फिरायचा थांबला, ऑइलचा दाब गेला, म्हणून ते लागतात. ते लागले तर किल्लीपर्यंत आणि किल्लीच्या पुढं वीज आहे, मग कॉइल, पंप, कार्ब्युरेटर काय ते बघायचं. ते लागलेच नाहीत, तर वीज किल्लीच्या आसपासच अडलीय, आणि इंजिनाकडं बघायचं कारणच नाही. "पुढच्या वेळी किल्लीला हात लावू नका ताई. आधी दिवे बघा. मग हॉर्न वाजवून बघा, हेडलाइट लावून बघा. मग या."

पाचव्या दिवशी सात रस्त्यावर, भर दुपारी, गाडी बंद पडली आणि मला आनंद झाला. मागून हॉर्न वाजत होते. मी किल्लीला हात लावला नाही. मीटरमध्ये एकही दिवा नव्हता. पंखाही थांबला होता. तो दर वेळी थांबत असणार, पण गाडी बंद म्हणजे सगळंच बंद असं मी धरून चालले होते. हॉर्न वाजला. हेडलाइट लागला. इंडिकेटर नाही, वायपर नाही. हॉर्न आणि हेडलाइटला वीज बॅटरीकडून परस्पर येते, किल्लीतून जात नाही. जे जे किल्लीतून जातं ते सगळं मेलेलं होतं. वही मांडीवर घेऊन मी तिथंच लिहून काढलं.

मामांनी त्या संध्याकाळी वही मागून घेतली आणि सगळी वाचली. एकेका ओळीवर बोट ठेवून, सावकाश. सप्टेंबरच्या फुलीवर बोट थांबलं.

"ही का खोडली?"

"पावसात झालं होतं, मामा. गारवा होता. बाकी सगळ्या उन्हातल्या आहेत."

"ह्यात काय लिहिलंय? वायपर चालू, हेडलाइट चालू, काचेवर वाफ म्हणून पंखा तीनवर." त्यांनी मागची पानं उलटली. "पंखा तीनवर. पंखा तीनवर. पंखा तीनवर. ताई, तुम्ही सकाळी पंखा लावता का?"

सकाळी सहाला कशाला लावीन? काच खाली केली की वारं येतं. जुलै-ऑगस्टातही लावत नव्हते. मी जिला उन्हाची तक्रार म्हणून लिहीत होते ती ओळच उत्तर होती, आणि ते उत्तर खोडलेल्या नोंदीशिवाय दिसलं नसतं. उन्हाचे दिवस आणि पंख्याचे दिवस वहीत एकावर एक बसलेले होते. त्या पावसाळी रात्रीनं ते वेगळे केले.

मला वाटलं झालं, सापडलं. मामा म्हणाले, "अजून काय सापडलं नाही. पकडायचंय."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर गाडी काचा बंद करून तासभर उन्हात उभी केली, माझ्या शाळेच्या अंगणात असते तशी. मग मामांनी व्होल्ट मोजायचा मीटर लावला, आणि इथं मला पुन्हा शाळेत बसल्यासारखं झालं. गॅरेजमध्ये मी बघितलं होतं, मीटरची एक वायर बॉडीला, एक कॉइलला, बारा व्होल्ट दिसले की वीज येतेय म्हणून सोडून द्यायचे. मामा म्हणाले, यात फसगत आहे. मीटर स्वतः वीज जवळजवळ खातच नाही. दहा तारांच्या वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी तो बारा दाखवेल. उंबऱ्यावर पाणी आलं का एवढंच तो बघतो, नळाला धार किती आहे ते नाही. म्हणून एक तर टेस्ट लॅम्प लावायचा, बल्बला खरंच वीज लागते, वाट खराब असेल तर तो मंद जळतो. नाही तर मीटर असा लावायचा की वाटेत किती व्होल्ट हरवले तेच त्यानं सांगावं. त्यांनी एक लांब वायर बॅटरीच्या प्लसला लावली, दुसरी कॉइलच्या प्लसला, दोन्ही बोनेटच्या फटीतून खिडकीतून आत घेतल्या. वाट चांगली असेल तर दोन्ही टोकांत फरक जवळजवळ शून्य असायला हवा. वाटेत जितकं अडेल तितका आकडा वाढणार. आणि वाट पूर्ण तुटली तर? मी विचारलं. "तर बॅटरीचे सगळे बारा दिसणार. तुटलंय तिथंच पूर्ण व्होल्टेज उभं राहतं."

मी गाडी चालवत होते, मामा शेजारी मांडीवर मीटर घेऊन, मागं त्यांच्या हाताखालचा मुलगा. पंखा बंद असताना ०.३. हेही जरा जास्तच आहे, मामा म्हणाले. पंखा तीनवर केला, ०.९. तलाव मागं गेला, १.४. सैफुलला १.९. आकडा थरथरायला लागला. मला रस्त्याकडं बघायचं होतं आणि मला मीटरकडं बघायचं होतं. सोरेगावच्या अलीकडं, जिथं वर्षभरापूर्वी पहिल्यांदा थांबले होते त्याच पट्ट्यात, गाडी गप्प झाली. मामांनी मीटर माझ्यासमोर धरला. १२.४.

वर्षभर लोक मला सांगत होते की असं काही नाहीये. आकड्यांत लिहिलेलं ते समोर होतं. माझे डोळे भरून आले, आणि मामा घाईनं डॅशबोर्डखाली वाकले.

टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावून त्यांनी किल्लीच्या मागचा प्लग शोधला. बॅटरीकडून येणाऱ्या जाड वायरीवर टोक टेकवलं, लॅम्प लख्ख. प्लगच्या पलीकडं टेकवलं, अंधार. अर्ध्या इंचाच्या अंतरात वीज हरवत होती. त्यांनी प्लग दोन बोटांत धरला, चटका बसला म्हणून सोडला, फडक्यानं धरून दाबला. लाल दिवे लागले, पंखा फिरला. सोडला, सगळं गेलं. दाबला, आलं. पाच वेळा त्यांनी ते करून दाखवलं. "आता सापडलं," ते म्हणाले. "आपल्या हातानं घालवता आलं आन् आपल्या हातानं आणता आलं, तरच सापडलं म्हणायचं."

प्लग काढला तेव्हा त्या एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक विडीच्या रंगाचं झालं होतं. आतल्या मादी टर्मिनलचा चिमटा सैल. पंचवीस वर्षांत कधीतरी तो जरासा सैल झाला असणार, आणि मग स्वतःच स्वतःला खात गेला. सैल जागी वीज अडते, अडली की तापते, तापली की पितळेवर काजळी चढते आणि चिमट्याचा ताण जातो, म्हणून आणखी अडते. मी नंतर घरी हिशेब मांडला. त्या जागी एक दशांश ओहमचा अडथळा आणि पंखा वगैरे मिळून बारा अँपिअर धरले, तर १.२ व्होल्ट हरवतात आणि चौदा वॅटच्या वर उष्णता तयार होते. वायरीला डाग द्यायची छोटी इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, पंचवीस वॅटची असते. म्हणजे अर्ध्या इस्त्रीहून जास्त गरमी, नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या घरात, आणि भोवती बंद गाडीतलं सोलापूरचं ऊन. थंड झालं की पितळ पुन्हा आकसतं, कुठंतरी टेकतं, आणि बाई किल्ली फिरवते तेव्हा गाडी चालू होते. ऊनही दोषी होतंच. पण एकटं नव्हतं.

दुरुस्तीला दीड तास लागला. नवा प्लग, नवे टर्मिनल नीट दाबून बसवलेले, वायरीचं काळं पडलेलं टोक कापून टाकलेलं. शिवाय पंख्याला मामांनी एक रिले घातला, म्हणजे पंख्याची जड वीज किल्लीतून जाणार नाही. किल्ली फक्त रिलेला इशारा देईल, त्याला अँपिअरचा पाव भागसुद्धा लागत नाही. जाड वीज बॅटरीकडून फ्यूजमधून परस्पर. माझ्या जुडग्यातल्या घराच्या, कपाटाच्या, शाळेच्या किल्ल्या काढायला लावल्या, कारण ते ओझं चालत्या गाडीत लोंबकळून लॉकला हिसके देतं. मग पुन्हा मीटर लावला. पंखा तीनवर, ०.१. पैसे साडेसहाशे. मी जास्त द्यायला लागले तर घेईनात, म्हणून दुसऱ्या दिवशी शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन गेले.

आधीच्या माणसांवर माझा राग नाही. दिवसाला आठ गाड्या बघणाऱ्या माणसाला एका गाडीच्या शेजारी बसून ती बंद पडायची वाट बघणं परवडत नाही. पार्ट बदलायचे पैसे मागता येतात, वाट बघायचे मागता येत नाहीत. मामांना तरी ते कसं परवडलं, मला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुमची वही होती ना."

अप्पांना मी तो जळका प्लग दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो खिडकीच्या उजेडात बराच वेळ फिरवून बघितला, नखानं काजळी खरवडली. मग म्हणाले, चल. सिद्धेश्वर तलावाला एक फेरी मारून आणली त्यांना. भर दुपारी, पंखा तीनवर. ते काही बोलले नाहीत, फक्त मीटरमधल्या दिव्यांकडं बघत होते.

वही अजून डॅशबोर्डच्या खणात आहे. जूनच्या पहिल्या पावसात नवी गोष्ट दिसली. ब्रेक दाबला की मागचा डावा दिवा मंद होतो आणि इंडिकेटर लावलेला असेल तर त्याची टिकटिक बदलते. मामांना फोन केला. ते म्हणाले, डाव्या दिव्याची अर्थ वायर सुटत असंल, वीज परत जायला वाट मिळाली नाही की शेजारच्या बल्बातून मागच्या दारानं जाते. पण नेहमी होतं का?

नेहमी होत नाही. काल झालं, आज सकाळी नाही झालं.

"मग लिवा," मामा म्हणाले.

१४ जून. संध्याकाळी ६.२०. सात रस्ता. पाऊस थांबून दहा मिनिटं. वायपर बंद, पंखा बंद, हेडलाइट चालू. ब्रेक तीन वेळा दाबला, तीनपैकी दोनदा.